न्यायासनाचा मध्यम मार्ग

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आम्ही संविधानाचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. न्यायाधीश कोणी निवडावेत, या प्रश्नावरील त्यांची दूरदृष्टी मात्र आमच्या सभांतून क्वचितच सांगितली जाते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ते तेथे असतानाच, जानेवारी १९१६ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी लुई ब्रँडाइस यांचे नाव पुढे आले. ब्रँडाइस ज्यू होते आणि मक्तेदार भांडवलदारांचे टीकाकार होते. सिनेटमध्ये चार महिने वाद चालला. अखेर ४७ विरुद्ध २२ मतांनी त्यांची निवड झाली. पुढे बाबासाहेब लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली, शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले कायदामंत्री झाले.

२४ मे १९४९ रोजी संविधान सभेत हा प्रश्न चर्चेस आला. काही सदस्यांना नेमणुकीस संसदेची मान्यता हवी होती, तर काहींना सरन्यायाधीशांची संमती. बाबासाहेबांनी दोन्ही सूचना नाकारल्या. विधिमंडळाच्या मान्यतेने नेमणुकीत राजकीय दडपण शिरेल, असे त्यांनी अमेरिकेचा दाखला देऊन बजावले. सरन्यायाधीशही माणूसच, त्यांनाही भावना व पूर्वग्रह असतात, म्हणून नकाराधिकार त्यांच्या एकट्याच्या हाती नको, असे त्यांनी मांडले. राष्ट्रपतींनी न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नेमणूक करावी, हा मधला मार्ग त्यांनी स्वीकारला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्या तथागतांना ते शरण गेले, त्यांचा मध्यम मार्ग आम्हांस येथेही दिसतो.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. १९७३ साली सरकारने तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून सरन्यायाधीश नेमले. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने निवडीचा निर्णायक अधिकार आपल्याच ज्येष्ठ न्यायाधीशांकडे घेतला. बाबासाहेबांनी टाळलेली दोन्ही टोके देशाने अशी पाहिली. तो वाद आजही शमलेला नाही.

हा वाद केवळ दिल्लीचा नव्हे. आरक्षणाचा आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा अर्थ अखेर त्याच न्यायासनावरून लावला जातो. १४ मे २०२५ रोजी अमरावतीच्या बौद्ध कुटुंबातील भूषण गवई सरन्यायाधीश झाले, तेव्हा समुद्रपुरातील आम्हां सर्वांचा ऊर अभिमानाने भरून आला. मात्र अभिमानापाशी थांबणे बाबासाहेबांना रुचले नसते. आमच्या वसतिगृहातील मुलामुलींनी संविधान वाचावे, कायदा शिकावा आणि न्यायासन कोणत्याही पक्षाचे होऊ नये म्हणून जागे राहावे, एवढेच मागणे या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही करतो.

जय भीम! नमो बुद्धाय!