महिना ४ रुपये पगारावरचा ग्राऊंडमन इंग्लंडमध्ये ११४ विकेट घेऊन आला

आयपीएलच्या लिलावात टीमवाले काय शोधत असतात? बेस प्राइसला मिळणारा, पण मोठ्या बॉलरची जागा भरून काढणारा गडी. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये तर याचं शास्त्रच झालंय. किमान पगारात सहज मिळेल तो खेळाडू म्हणजे पाया, आणि बाकीच्यांची किंमत त्याच्यापेक्षा ते किती सरस आहेत यावरून ठरवायची.

सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात असाच एक स्वस्तातला बॉलर सापडला होता. नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. घराणं मूळचं कोकणातल्या पालवणचं, जात चांभार, वडील लष्करी नोकरीत. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबमध्ये बाळूंना पहिलं काम मिळालं. पिच झाडायचं, रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. पुढे ते गोऱ्यांच्या क्लबमध्ये गेले, तिथे ४ रुपये मिळायला लागले.

काम तेच. शिवाय नेट बांधायचं आणि साहेबांना बॉल टाकायचे. बॅटिंग ही साहेबांची हौस, बॉलिंग म्हणजे नोकराची मेहनत, असा तो हिशोब होता. त्यामुळे बाळूंच्या हातात बॅट कुणी दिली नाही, पण बॉल रोज आला. कॅप्टन ग्रेग हा तिथला तगडा बॅट्समन. त्याला तासन् तास बॉल टाकून बाळू डावखुऱ्या स्पिनमध्ये तयार झाले. आपल्याला आऊट केलं की ग्रेग ८ आणे द्यायचा, असं सांगतात.

पुण्याच्या हिंदू टीमला गोऱ्यांना हरवायचं होतं. त्यासाठी लागणारा बॉलर त्याच गोऱ्यांच्या मैदानावर रोलर फिरवत होता. पण त्याला घ्यायचं का, यावरून वाद पेटला. शेवटी घेतलं. मैदानात त्यांनी हात लावलेला बॉल सगळ्यांना चालायचा. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, आणि त्यांचा चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात.

पुढे बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ रन्सनी हरवलं, त्यात बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम या दोघांचा मोठा वाटा होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय टीम इंग्लंडला गेली. टीम बहुतेक मॅच हरली. पण पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ विकेट घेतल्या, तेही १९ पेक्षा कमी सरासरीनं. संपूर्ण फर्स्ट क्लास कारकिर्दीत त्यांनी ३३ मॅचमध्ये १७९ विकेट काढल्या, सरासरी १५ च्या आसपास.

इतकं करूनही हिंदू टीमचं कॅप्टनपद त्यांना दिलं गेलं नाही. १९२० मध्ये त्यांना टीममधून वगळलं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे भाऊ निषेध म्हणून बाहेर पडले. मग तडजोड झाली आणि बाळूंना उपकर्णधार केलं. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल कॅप्टन झाले आणि हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली. मोठ्या भावाला जे नाकारलं, ते धाकट्याला मिळालं.

डॉ. आंबेडकरांना तरुणपणी बाळूंचं फार कौतुक होतं. पुढे दोघांचे रस्ते वेगळे झाले. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना थेट बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाळूंना ११,२२५ मतं पडली, बाबासाहेबांना १३,२४५. बाळू हरले. १९५५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

स्वस्तात मिळालेला हिरा, असं म्हणून ही गोष्ट संपवता आली असती. पण बाळू स्वस्त होते ते बॉलिंगमुळे नाही. त्यांचा भाव त्यांनी पहिला बॉल टाकायच्या आधीच जातीनं ठरवून ठेवला होता. विकेट वाढत गेल्या, तो भाव मात्र शेवटपर्यंत हवा तेवढा वाढला नाही.