सासूपलीकडच्या ललिताबाई

मैत्रिणींनो, सासू जरा कडक निघाली की आपल्याकडे एकच नाव घेतलं जायचं, ललिता पवार! पण सिनेमातल्या या खाष्ट सासूचं स्वतःचं आयुष्य कसं होतं, हे किती जणींना ठाऊक आहे?

त्यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ चा, येवल्याचा. पाळण्यातलं नाव अंबा. वडील लक्ष्मणराव शगुन यांचा रेशमी आणि सुती कापडाचा व्यापार. पैठणीच्या गावातलं सुखवस्तू घर, पण मुलींना शाळेत घालायची रीत नव्हती. शाळा न पाहिलेली ही पोर मूकपटांत कामं करू लागली. पुढे नायिका झाली. १९३२ च्या ‘कैलास’ या मूकपटात तर तिने अभिनयाबरोबर निर्मितीतही वाटा उचलला.

आणि मग १९४२ साल उजाडलं. ‘जंग-ए-आझादी’च्या शूटिंगमध्ये भगवानदादांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. चेहऱ्याला लकवा मारला, डावा डोळा कायमचा बारीक झाला. उपचारात तीनेक वर्षं गेली. वय अवघं सव्वीस, आणि नायिकेच्या भूमिका संपल्या! दुसरी एखादी कोपरा धरून रडत बसली असती. ललिताबाईंनी तोच डोळा कामाला लावला. ‘रामशास्त्री’तली आनंदीबाई, ‘दहेज’मधली सासू... प्रेक्षक त्यांच्या नावाने बोटं मोडू लागले.

गरीब मुलगा, श्रीमंत मुलगी, त्यांचं प्रेम आणि थोडी गंमत, असे सिनेमे पन्नासच्या दशकात खूप चालले. त्यांत वयस्क बाईला जागा किती? तर प्रेमात आडवं येण्यापुरती! १९५५ च्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ मध्ये ललिताबाई मधुबालाच्या आत्याबाई झाल्या. वारसाहक्काचा पैसा भाचीला मिळावा म्हणून त्या तिचं खोटं लग्न लावतात, आणि बायकांच्या हक्कांसाठी, घटस्फोटाच्या कायद्यासाठी भाषणंही ठोकतात. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा आला आणि देशभरच्या हिंदू बायकांना घटस्फोटाचा हक्क मिळाला. पडद्यावर मात्र हक्क मागणारी बाई म्हणजे श्रीमंत, हेकट आणि घरं मोडणारी! हसता हसता हे मनात किती खोल रुजलं असेल, याचा विचार आपण करायला हवा.

गंमत बघा, त्याच वर्षीच्या ‘श्री ४२०’ मध्ये ललिताबाई रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई झाल्या. आणि १९५९ साली हृषीकेश मुखर्जींचा ‘अनाडी’ आला. नूतन श्रीमंताघरची आणि राज कपूर गरीब चित्रकार. त्याची घरमालकीण मिसेस डिसा, तोंडाने फटकळ, पण मनाने लोण्यासारखी. त्या वेळच्या हिंदी सिनेमात ख्रिस्ती बाई दिसायची ती बहुतेक वेळा क्लबात नाचणारी. इथे ती एका अनाथासारख्या पोराची आई झाली. श्रीमंत कंपनीच्या विषारी औषधाने जीव जातो तोही तिचाच. पैशाच्या हव्यासाची किंमत कोण मोजतं, हे सिनेमा तिच्या मरणातून सांगतो. या भूमिकेसाठी ललिताबाईंना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

पुढे १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘रामायण’ मालिकेत त्या मंथरा झाल्या आणि नव्या पिढीनेही त्यांच्यावर राग काढला. २४ फेब्रुवारी १९९८ ला पुण्यात त्या गेल्या.

आता कधी टीव्हीवर जुना सिनेमा लागला, तर नायिकेच्या साडीवरून नजर थोडी बाजूला न्या. मागे उभी असलेली ती बारीक डोळ्याची बाई बघा. लेखकाने तिला दुष्ट केलंय, की माणूस? आणि दुष्ट केलं असेल, तर ती नेमकं काय मागत होती म्हणून?