महायुद्धाच्या वळणांवरील मराठी डॉक्टर

कळमेश्वर (प्रतिनिधी) : दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की स्टॅलिनग्राड, मिडवे, अल् अलामीन ही नावे चटकन ओठांवर येतात. १९४२ मधील या लढायांनी युद्धाचे पारडे फिरविले, हे खरेच. मात्र ते फिरेपर्यंत शत्रूला कुणीतरी अडवून धरणे आवश्यक होते. आशियात ते काम चीनने केले आणि त्या कामात एका मराठी डॉक्टरने आपले प्राण वेचले. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे त्यांचे नाव.

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. स्थिरस्थावर होण्याचे ते वय. पण ७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळील मार्को पोलो पुलावर जपानी व चिनी सैन्यात चकमक झडली आणि तिचे पर्यवसान पूर्ण युद्धात झाले. १९३१ पासून चीनचा एकेक प्रदेश गिळणाऱ्या जपानपुढे आता राष्ट्रवादी व कम्युनिस्ट एकत्र उभे ठाकले. हे पहिले वळण. कम्युनिस्टांचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधीसाठी आवाहन केले आणि डॉ. अटल यांच्या नेतृत्वाखाली पाच डॉक्टरांचे पथक निवडण्यात आले. कळमेश्वरच्या शेजारच्या नागपूरचे डॉ. चोळकर हे त्यांपैकी एक, याचा उल्लेख क्वचितच होतो. बसू व मुखर्जी हे अन्य दोघे. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबईचा किनारा सोडला.

पथक चीनमध्ये पोहोचते न पोहोचते तोच दुसरे वळण आले. ऑक्टोबर १९३८ मध्ये काही दिवसांच्या अंतराने कॅन्टन आणि वुहान ही महत्त्वाची शहरे पडली. नकाशावर पाहता चीन हरला होता. प्रत्यक्षात मात्र सरकार चुंगकिंगच्या डोंगराळ भागात टिकून राहिले आणि झटपट विजयाचे जपानचे स्वप्न भंगले. युद्ध आता दीर्घकाळ चालणार, हे स्पष्ट झाले. जखमींसोबत मागे हटत पथकही चुंगकिंगला आले. तेथेच कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. घरी परतण्यास त्यांना कुणी दोष दिला नसता. तरीही ते थांबले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये कम्युनिस्टांचे केंद्र असलेल्या यानानला गेले. त्याच वर्षी चोळकर व मुखर्जी मायदेशी परतले.

ऑगस्ट १९४० मध्ये कम्युनिस्ट सैन्याने उत्तर चीनमधील जपानच्या ताब्यातील रेल्वेमार्गांवर मोठा हल्ला चढविला. जिंकलेल्या मुलखातही जपान सुरक्षित नाही, हे त्यातून सिद्ध झाले. त्याचा सूड मात्र जपानने खेड्यापाड्यांवर उगवला. या लढाईत कोटणीस यांनी झोपेची पर्वा न करता शेकडो जखमींवर उपचार केले. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. औषधांची कायमच चणचण असे. तशाही स्थितीत ते चिनी भाषा शिकले व तरुण वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले. तेथेच शिकविणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला.

डिसेंबर १९४१ मधील पर्ल हार्बरवरील हल्ल्याने चीनचे युद्ध जागतिक युद्धाचा भाग बनले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. एप्रिलमध्ये विशाखापट्टणम व काकीनाडा येथे बॉम्ब पडले. शत्रू भारताच्या दाराशी आला होता; परंतु त्याच्या लष्कराचा मोठा हिस्सा चीनमध्ये अडकून पडला होता. परक्या देशासाठी राबणारे कोटणीस एका अर्थाने स्वदेशाचेही रक्षण करीत होते, असे आज मागे वळून पाहताना जाणवते.

ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पुत्र झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या चिनी नावांतील अक्षरे जोडून त्याचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. मात्र अतिश्रमाने पोखरलेल्या शरीराला अपस्माराच्या झटक्यांनी ग्रासले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी हपै प्रांतातील एका खेड्यात, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी स्टॅलिनग्राड येथे रशियन फौजांनी जर्मन सैन्याभोवती वेढा आवळला होता. युद्धाचे पारडे फिरत होते. ते पूर्ण फिरलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. जपानने शरणागती पत्करली ती ऑगस्ट १९४५ मध्ये.

१९४६ साली व्ही. शांताराम यांनी ही कहाणी रुपेरी पडद्यावर आणली. चीनमधील शिजियाझुआंग येथे त्यांची समाधी आहे, तर सोलापुरात स्मारक आहे. युद्धाच्या निर्णायक तारखा सेनापतींच्या नावावर नोंदल्या जातात. त्या तारखा उगवेपर्यंत जखमींना पुन्हा पायांवर उभे करणारे हात इतिहासात सहसा दिसत नाहीत. कोटणीस यांचे हात दिसतात, ते दोन देशांनी जपलेल्या आठवणीमुळे.