मॅल्कम हें नांव, आणि ज्याचें तें नांव तो कोलंबा

मॅल्कम हा शब्द महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. महाबळेश्वरच्या मॅल्कमपेठेस तो १८२७ ते १८३० ह्या काळांतील मुंबईचे गव्हर्नर सर जॉन मॅल्कम ह्यांच्यामुळें मिळाला. त्यांचें तें आडनांव. परंतु स्कॉटलंडांत तें मूळचें व्यक्तिनाम असून तेथील चार राजांनीं तें धारण केलें. गेलिक भाषेंत त्याचें रूप माएल कोलिम. माएल म्हणजे मुंडण केलेला, अर्थात् सेवक. कोलंबाचा सेवक असा अर्थ झाला. आपल्यांतील येशुदास ह्या नांवासारखीच ही घडण आहे. मग ज्याचें दास्य राजांसही भूषण वाटलें, तो कोलंबा कोण?

तो इ. स. ५२१ च्या सुमारास उत्तर आयर्लंडांत डॉनेगॉल प्रांतीं राजकुळांत जन्मला. कोलंबा म्हणजे लॅटिन भाषेंत पारवा. इब्री भाषेंत योना ह्या नांवाचाही अर्थ तोच. परंतु हा पारवा मवाळ नव्हता. त्यानें गुरु फिनियन ह्यांच्या स्तोत्रसंहितेची प्रत गुपचूप उतरून घेतली, तंटा राजापुढें गेला, आणि वासरूं गाईच्या धन्याचेंच ह्या न्यायानें निवाडा त्याच्याविरुद्ध झाला, अशी कथा आहे. ती बऱ्याच उत्तरकाळची असल्यामुळें तिजवर फार भार देतां येत नाहीं. तथापि ५६१ सालीं त्याच्या भाऊबंदांची त्या राजाशीं लढाई होऊन रक्तपात झाला, आणि एका धर्मसभेनें कोलंबास बहिष्कृतही केलें होतें. तो ठराव मात्र टिकला नाहीं.

५६३ सालीं बारा सोबत्यांसह तो समुद्र ओलांडून स्कॉटलंडच्या पश्चिमेस आयोना बेटावर गेला. प्रायश्चित्त म्हणून गेला असें पुष्कळ म्हणतात. सुमारें शंभर वर्षांनीं त्याचें चरित्र लिहिणारा अ‍ॅडम्नान एवढेंच सांगतो कीं, ख्रिस्तासाठीं परदेशी व्हावें अशी त्याची इच्छा होती. कदाचित् दोन्ही खरें असेल. तेथें त्यानें मठ स्थापिला. पिक्त लोकांची भाषा त्यास येत नव्हती, म्हणून दुभाष्याच्या मुखें त्यानें त्यांस उपदेश केला.

मायभूमि मात्र त्याच्या मनांतून गेली नाहीं. एकदां त्यानें एका बंधूस किनाऱ्यावर बसविलें: आयर्लंडाहून एक क्रौंच पक्षी थकून येईल, त्यास उचलून घरीं न्यावें व तीन दिवस सांभाळावें, कारण तो आपल्या देशचा आहे. पक्षी आला, बरा झाला, आणि परत उडून गेला.

५९७ सालच्या जून महिन्यांत, शेवटल्या दिवशीं, दुधाचीं भांडीं वाहणारा मठाचा पांढरा घोडा त्याच्या उराशीं डोकें टेकून रडूं लागला. सेवक त्यास हांकूं लागला. कोलंबानें हांकूं दिलें नाहीं. मग तो स्तोत्रसंहितेची प्रत लिहावयास बसला. चौतिसाव्या स्तोत्राच्या दहाव्या वचनाशीं थांबून, पुढचें बाइथेनानें लिहावें असें त्यानें सांगितलें. त्याच मध्यरात्रीं मंदिरांत वेदीपुढें त्यानें प्राण सोडला. त्याच्यामागें बाइथेन मठाधिपति झाला.