पाटीवाला इंजिनिअर

मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी. मराठीत निबंध लिहून जमाना झाला, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांचा वाढदिवस चार वर्षांतून एकदाच यायचा, एवढं सांगितलं तरी तुम्ही पुढे वाचाल!

ताईची ओहनो यांचा जन्म २९ फेब्रुवारी १९१२ रोजी चीनमधल्या डालियन शहरात झाला. नागोयाला मेकॅनिकलचं शिक्षण घेऊन १९३२ साली, म्हणजे बरोब्बर माझ्या वयात, ते टोयोडा घराण्याच्या कापड गिरणीत लागले. टोयोडांचे माग धागा तुटला की आपोआप थांबायचे. खराब कापड विणत बसण्यापेक्षा थांबलेलं बरं, हा धडा त्यांना तिथे मिळाला. १९४३ मध्ये ते टोयोटाच्या मोटार कारखान्यात आले.

युद्धात जपान हरला. पैसा नाही, गिऱ्हाईक थोडं. अमेरिकेसारखे एकाच मॉडेलचे ढीग पाडणं परवडणारं नव्हतं. १९५० मध्ये तर कंपनी बुडता बुडता वाचली. मोठा संप झाला, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या आणि संस्थापक किइचिरो टोयोडांनी राजीनामा दिला.

ओहनोंना युक्ती सुचली ती अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून. गिऱ्हाईक हवं तेवढंच उचलतं आणि फळीवर जेवढी जागा रिकामी झाली तेवढाच माल परत भरला जातो. मग कारखान्यात तसं का नको? पुढच्या खात्याने मागच्या खात्याकडून लागतील तेवढेच पार्ट आणायचे. सोबत एक कार्ड : कोणता पार्ट, किती नग, कुठून कुठे. कार्ड परत आल्याशिवाय मागच्याने नवा नग बनवायचा नाही. हेच कानबान, म्हणजे आपल्या भाषेत पाटी! १९५३ मध्ये मशीन शॉपमध्ये सुरू झालेली ही पद्धत १९६२ पर्यंत सगळ्या कंपनीत पोचली.

हे सोपं नव्हतं. एका मशीनवर हात बसलेल्या कारागिरांना एकदम दोन-तीन मशीन सांभाळणं रुचेना. ओहनोही रागीट. फरशीवर खडूने वर्तुळ काढून इंजिनिअरला त्यात तासन्‌तास उभं करायचे आणि काय दिसलं ते विचारायचे! १९७३ च्या तेल संकटात बाकीच्या कंपन्या गडगडल्या, टोयोटा लवकर सावरली, आणि मग सगळ्यांचं लक्ष गेलं. १९७८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. २८ मे १९९० रोजी ते गेले. पुढे १९९७ मध्ये आपल्या किर्लोस्करांशी टोयोटाने भागीदारी केली आणि बंगळूरजवळ बिडदीला कारखाना उभा राहिला.

आता माझी गोष्ट. माझं घर सातिवलीचं. पप्पा तिथल्याच एका गाळ्यात सुपरवायझर. सुट्टीत डबा द्यायला गेलो की अर्धवट पार्टचे ढीग ओलांडूनच आत जावं लागायचं. ढीग म्हणजे भरपूर काम चाललंय, असं मला वाटायचं. आमच्या प्रोजेक्टचंही तेच झालं. सहा जण, प्रत्येकाचं काम सुरू, पण पूर्ण एकही नाही. सबमिशनला तीन आठवडे उरले होते.

शेवटी रूमच्या दारावर चार्ट पेपर लावला. तीन रकाने : करायचं, चालू, झालं. मधल्या रकान्यात एकावेळी तीनच चिठ्ठ्या. पहिल्याच आठवड्यात एक चिठ्ठी हलेना, वेल्डिंगची. माझ्या रूम पार्टनरची. आधी आम्ही त्याला आळशी म्हटलं. पण दोन दिवसांनी, रात्री लाइट गेल्यावर, तो हळूच म्हणाला की त्याला वेल्डिंग येतच नाही आणि विचारायची लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी सगळे वर्कशॉपमध्ये गेलो, तिथल्या मामांनी शिकवलं. चौथ्या दिवशी चिठ्ठी हलली. प्रोजेक्ट वेळेत झालं. तो वायवालाही नीट बोलला.

तेव्हा मला ओहनो कळले. ढिगाखाली चूक लपते, आणि कधी कधी माणूसही. पाटी कुणाला पकडण्यासाठी नसते; कोण अडलंय ते दिसावं म्हणून असते. तुमच्याही टीममध्ये एखादी चिठ्ठी हलत नसेल, तर रागवण्याआधी एकदा विचारून बघा.