लक्ष्मीबाई टिळक : एका ख्रिस्ती मातेचा कृतज्ञ संसार

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या परिसरातील धर्मग्रामांत रविवारच्या मिस्साबलिदानाला येणाऱ्या मातांकडे पाहिले की, त्यांच्या मागे उभा असलेला सबंध आठवडा आमच्या डोळ्यांसमोर येतो. पहाटे उठून डबे भरणे, पाणी येण्याची वेळ सांभाळणे, मुलांना शाळेत धाडून लोकल गाठणे आणि सायंकाळी त्याच गर्दीतून भाजीची पिशवी सावरीत परत येणे हा त्यांचा नित्यक्रम. या मातांना आपण वेदीवरून आणि प्रार्थनासभांतून कृतज्ञ राहण्याचा उपदेश वारंवार करतो. उपदेश योग्यच आहे. मात्र पुष्कळदा त्याचा अर्थ निमूटपणे सोसावे, तक्रार करू नये, एवढाच घेतला जातो, आणि ते आम्हांस मान्य नाही. म्हणून जिने मनसोक्त तक्रारी केल्या, नवऱ्याशी भांडणे केली, देवालाही जाब विचारला आणि तरीही जिचा संसार कृतज्ञतेने ओथंबलेला होता, अशा एका मातेचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्या माता म्हणजे ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाई कॅथलिक नव्हत्या. त्यांचे कुटुंब अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळीतील. परंतु त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने आपल्याही देवळांत गाइली जातात. शिवाय फादर स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी ‘ख्रिस्तपुराण’ रचून मराठी ओवीत ख्रिस्तचरित्र गाण्याची जी वाट घालून दिली, त्याच वाटेने पुढे तीन शतकांनी ही बाई चालली. तेव्हा तिला परकी मानण्याचे कारण आम्हांला तरी दिसत नाही.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. आईचे वडील १८५७ च्या उठावाच्या प्रकरणात फाशी गेले आणि त्या धक्क्याने वडिलांच्या मनावर सोवळ्याओवळ्याचे भूत असे बसले की, बाजारातून आलेले जिन्नसही धुतल्याशिवाय घरात घेतले जात नसत. या घरात मुलांनी मोकळेपणाने हसावे कसे आणि खेळावे कसे? तरीही मनू हसली, खेळली, आणि त्या जाचक बालपणातील गंमत तिने जन्मभर जपून ठेवली. पुढे आठवणी लिहिताना वडिलांविषयी कडवटपणाचा एक शब्दही त्यांनी येऊ दिला नाही. वडिलांचे वेड त्यांनी हसत सांगितले आणि त्या वेडामागचे दुःखही ओळखले.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायणरावांशी झाला. नारायणरावांचे बालपणीचे शिक्षण आपल्या शेजारच्या कल्याणला झाले होते. लक्ष्मीबाईंच्या संसाराच्या आरंभीचा काही काळ मुरबाड येथे गेला. बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाडला जाताना आमच्या मनात हटकून येते की, याच बाजूच्या कोणा घरात एक अल्पवयीन सासुरवाशीण चुलीशी बसून नवऱ्याची वाट पाहत असेल. कारण नारायणरावांचा पाय घरात ठरत नसे. मनात आले की ते निघून जात. कोठे गेले, केव्हा येणार, याचा पत्ता नसे. हाती पैसा आला की, तो पहिल्या गरजवंताला तरी देत किंवा त्याची पुस्तके तरी घेत. घरात पीठमीठ आहे की नाही, हा प्रश्न त्यांना सुचतच नसे. तो सुचायचा लक्ष्मीबाईंना. मात्र याच बेभरवशाच्या नवऱ्याने त्यांना अक्षरओळख करून दिली. ज्या हाताने घरखर्चाचे पैसे उधळले, त्याच हाताने अक्षरांची जन्माची शिदोरी दिली, याची जाणीव लक्ष्मीबाईंनी कधी सोडली नाही. जमाखर्चाच्या वहीत दोन्ही बाजू लिहिणारी अशी ही बाई होती.

त्यांची काही अपत्ये लहानपणीच गेली. देवदत्त हा मुलगा तेवढा वाढला. ज्या मातांनी अपत्य गमावले आहे, त्यांना यावर अधिक सांगण्याची गरज नाही.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने नारायणरावांच्या हाती बायबल दिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी स्नानसंस्कार स्वीकारला. पत्नीला याची पूर्वकल्पना नव्हती. चित्पावन ब्राह्मण घरातील स्त्री, पदरात लहान मुलगा, आणि नवरा जातीबाहेर गेलेला! त्या काळी हे वैधव्याहूनही अवघड होते. लक्ष्मीबाई खचल्या, आजारी पडल्या, बहिणीच्या आश्रयाने पंढरपुरास राहिल्या. त्या विरहात त्यांच्या ओठी कविता आली. नारायणराव पत्रे पाठवीत होते, विनवीत होते. पण बळजबरी त्यांनी केली नाही. हा त्यांचा मोठेपणा आम्ही मुद्दाम नोंदवीत आहोत, कारण श्रद्धेच्या बाबतीत घरातल्या माणसांना घाई करण्याचा मोह आपल्यालाही होतो.

काही वर्षांनी त्या पतीजवळ परतल्या, त्या आपले सोवळे सोबत घेऊन. एकाच छपराखाली त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. नारायणरावांनी ते सारे सांभाळले. पुढे राहुरीला असताना एका रात्री त्यांनी स्वतःशीच विचार केला की, माणसामाणसांतील हा भेद देवाने केला असेल काय? देवाने नर आणि मादी एवढाच भेद सर्व प्राण्यांत केलेला दिसतो. जात मात्र माणसाने केली. सकाळी उठून त्यांनी जाहीर केले की, यापुढे आपण कोणाच्याही हातचे खाऊपिऊ. ज्या घरात बाजारचे जिन्नस धुतले जात, त्या घरातील लेकीने हा निर्णय कोणाच्या प्रवचनावाचून घेतला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःच्या मनाने.

त्यानंतरचे अहमदनगरचे (आजच्या अहिल्यानगरचे) दिवस हा आमच्या दृष्टीने त्यांच्या मातृत्वाचा खरा काळ. दुष्काळ आणि प्लेग यांनी त्या वर्षांत महाराष्ट्राला झोडपून काढले होते. टिळकांच्या घरात पोरक्या मुलांना आसरा मिळू लागला. नारायणराव मुलाला हाताशी धरून घरी आणीत आणि कवितेत बुडून जात. त्याला न्हाऊ घालणे, त्याची खरूज बरी करणे, त्याच्यासाठी भाकरी थापणे हे काम लक्ष्मीबाईंचे. त्या चिडत. नवऱ्याला चार शब्द सुनावीत. आणि दुसऱ्या दिवशी पंक्तीत आणखी एक ताट मांडीत. तारा ही त्यांची मानलेली लेक याच घरात वाढली. प्लेगच्या साथीत ज्यांना आप्तही शिवत नसत, अशा रुग्णांची शुश्रूषा त्यांनी केली. एके काळी दुसऱ्याच्या सावलीचाही विटाळ मानणारे हेच ते हात!

याच घरात एक विशीही न गाठलेला, हळवा, लहरी मुलगा राहावयास आला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात नारायणरावांनी त्यांना हेरले होते. ते देवदत्ताच्याच बरोबरीचे. लक्ष्मीबाईंनी त्यांचे रुसवे काढले, खाणेपिणे पाहिले, त्यांना मुलासारखे वागविले. मराठीतील निसर्गकवितेचे जे वैभव आपण शाळेत पाठ करतो, त्याला या ख्रिस्ती घरातील जेवणाचाही आधार होता, हे पाठ्यपुस्तकांत सहसा सांगितले जात नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, नारायणरावांचेही मुंबईत निधन झाले.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. लक्ष्मीबाईंच्या आठवणी वाचताना कृतज्ञता हा शब्द फारसा भेटत नाही. भेटतात त्या फजित्या, आजार, बदल्या, उधारी, हरवलेल्या वस्तू आणि न सांगता आलेले पाहुणे. परंतु प्रत्येक प्रसंगात कोणी तरी उपयोगी पडलेला असतो आणि बाई त्याचे नाव विसरत नाहीत. कोणी रात्री दार उघडले, कोणी मुलाला औषध दिले, कोणी भाडे भरले, हे चाळीस-चाळीस वर्षांनंतरही त्यांना आठवते. स्वतःच्या मूर्खपणाचे प्रसंग त्या सर्वांत आवडीने सांगतात. आम्हांला वाटते, ज्याला स्वतःवर हसता येते त्यालाच दुसऱ्याचे उपकार नीट दिसतात; जो स्वतःला बळी समजतो, त्याच्या नजरेत फक्त देणी उरतात.

पतिनिधनानंतर पन्नाशी ओलांडलेल्या या स्त्रीने मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम धरले. पुढे देवदत्तांच्या कुटुंबाबरोबर त्या कराचीला गेल्या आणि नातवंडांत रमल्या. ज्या कराचीत या मराठी आजीने आपला उत्तरकाळ काढला, त्याच कराचीहून आणि सिंधच्या इतर गावांहून १९४७ नंतर निर्वासित कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत आली आणि त्यांच्या वस्तीतून आपले उल्हासनगर उभे राहिले. तेथील जुन्या पिढीतील कोणी आजोबा लहानपणी कराचीच्या रस्त्यावर या नऊवारीतील आजीच्या शेजारून गेले असतील, अशी कल्पना आम्ही कधी कधी करतो.

नारायणरावांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतले होते. आरंभीचे मोजके अध्याय लिहून ते गेले. शाळेची पायरी कधी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. पतीने दिलेल्या अक्षरांनीच पतीचे अपुरे काम त्यांनी पूर्ण केले. घरातील कामे आवरून, नातवंडांच्या गोंगाटात त्या ओव्या जुळवीत. मुलाच्या आग्रहाखातर लिहिलेल्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला आणि बोलीभाषेतील त्या साध्या, खट्याळ गद्याने महाराष्ट्र चकित झाला.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ अपुरीच होती. आईने वडिलांचे काव्य पुरे केले, तसे आईच्या आठवणींचे शेवटचे पान मुलाने लिहिले. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली छापून आले. त्यांच्या कवितांचा संग्रहही पुढे निघाला; त्याचे नाव ‘भरली घागर’.