हवेचा पारखी

पनवेलहून गोव्याकडे जाणारा रस्ता पळस्पे गाव मागे टाकून कर्नाळ्याच्या रानात शिरतो. कोकणातील रानांत जुन्या झाडांच्या सालीवर करडे-हिरवट पापुद्रे चिकटलेले आढळतात. यांना शैवाक म्हणतात. आपल्या मसाल्यातील दगडफूल हा त्यांचाच एक प्रकार होय. अशा क्षुद्र वाटणाऱ्या पापुद्र्यांवरून हवेची शुद्धता पारखता येते, हे ज्यांनी आरंभी ओळखले त्यांत विल्यम नीलँडर यांचे नाव अग्रगण्य आहे.

नीलँडर यांचा जन्म १८२२ साली फिनलंडमधील औलू या गावी झाला. त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. परंतु त्यांचे मन निसर्गाकडेच ओढ घेई. प्रथम मुंग्यांचा व पुढे वनस्पतींचा त्यांनी सूक्ष्म अभ्यास केला. १८५७ मध्ये ते हेलसिंकी येथील विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८६३ मध्ये हे मानाचे पद सोडून ते पॅरिसला गेले व अखेरपर्यंत तेथेच राहिले.

पॅरिस शहर त्या काळी कोळशाच्या धुराने काळवंडत चालले होते. तेथील झाडे न्याहाळताना नीलँडर यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. लक्झेंबर्ग उद्यानातील झाडांवर शैवाकांचे तिसांहून अधिक प्रकार होते. शहरात इतरत्र मात्र त्यांतील बहुतेक दिसत नव्हते. पाऊस तोच, ऊनही तेच. मग हा भेद का? उद्यानातील हवा अधिक निर्मळ आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १८६६ साली तो प्रसिद्ध केला.

याचे कारण आज आपणांस ठाऊक आहे. शैवाक म्हणजे कवक व शैवल यांचा एकत्र संसार. कवक आसरा देते व ओलावा धरून ठेवते. शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. शैवाकाला मुळे नसतात, की पानांवर असते तसे मेणाचे आवरणही नसते. पाऊस, धुके आणि हवा यांतून जे येईल ते त्याला सर्वांगाने शोषावे लागते. कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड हा वायू आत शिरला, की शैवलातील हरितद्रव्य नष्ट होते आणि शैवाक मरते.

आश्चर्य असे, की हे सहजीवन नीलँडर यांनी स्वतः कधीच मान्य केले नाही. सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ मध्ये ते मांडले, तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला व तो हट्ट शेवटपर्यंत सोडला नाही. अशा वादांमुळे अनेक अभ्यासक दुरावले. त्यांचे उत्तरायुष्य एकाकी गेले. तथापि, डोळ्यांनी पाहिलेले प्रामाणिकपणे नोंदविण्याचे व्रत त्यांनी मोडले नाही. लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाकही नाहीसे झाल्याची खेदजनक नोंद त्यांनीच १८९६ मध्ये केली. १८९९ साली पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

पुढे १९७० मध्ये इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी शैवाकांच्या प्रकारांवरून हवेतील सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण अजमावण्याची श्रेणीच तयार केली. कोळशाचा धूर ओसरल्यावर, सुमारे शतकानंतर, लक्झेंबर्ग उद्यानात शैवाक पुन्हा उगवलेले आढळले. हवा सुधारली, की निसर्ग परतून येतो.

पळस्प्याच्या रस्त्याने जाताना एखाद्या जुन्या झाडाजवळ क्षणभर थांबावे व त्याची साल निरखून पाहावी. तेथे काय आहे आणि काय नाही, हे वहीत टिपून ठेवावे. नीलँडर यांच्या शास्त्राचा आरंभ एवढ्याच गोष्टीपासून झाला होता.